कपाळाला आठ्या पडलेले देवदूत

मार्च संपत आला की नेदरलँड्समधल्या आमच्या मराठी मंडळाचा मेसेज येतो. यंदाही आला. पाडव्याच्या कार्यक्रमात भाग घेणाऱ्यांसाठी सूचना. पारंपरिक वेश असावा. दिलेली वेळ पाळावी. पालकांनी प्रेक्षकांत बसून मुलांना खाणाखुणा करू नयेत. आणि सगळ्यात खाली, ठळक अक्षरांत: सादरीकरण करताना चेहरा प्रसन्न असावा.

मी तेव्हा ताईच्या स्वयंपाकघरात कांदा चिरत होते. बाहेर लख्ख ऊन होतं आणि त्याच उन्हातून गारा पडत होत्या. इथल्या वसंताला दोन्ही एकदम चालतं. मेसेज वाचला, सुरी बाजूला ठेवली, हात धुतले आणि पुन्हा वाचला. यात रागावण्यासारखं काय आहे, असं कुणीही विचारेल. साथीच्या वर्षातला तो एक मोसम मध्ये आला नसता तर मलाही सांगता आलं नसतं. मास्क, बंद शाळा, भलत्या वेळी पडलेला बर्फ, आणि ताईच्या जेवणाच्या टेबलावर पसरलेले गाणाऱ्या देवदूतांचे हजार तुकडे.

मी मुळात रागवणारी नाही, असं सगळे म्हणतात. मी गप्प असते म्हणून म्हणतात. गप्प माणसाच्या पोटात काय चाललंय हे कुणी बघायला जात नाही, आणि एका अर्थी ते माझ्या सोयीचंच आहे.

त्या हिवाळ्यात मी ताईकडे राहायला आले होते. स्लोटरडाइकचं आमचं ऑफिस बंद झालं होतं आणि आम्स्टरडॅममधल्या भाड्याच्या खोलीत पलंगावर बसून मीटिंगा कराव्या लागत होत्या. ताई म्हणाली, ये इकडे, माणसांत राहा. ताई, जिजू आणि त्यांची सात वर्षांची रेवा लायडस्खेनडाम-फोरबर्गला एका रांगेतल्या घरात राहतात. खाली बैठक, वर दोन खोल्या आणि त्यांच्यावर उतरत्या छपराचा माळा. माळा मला मिळाला. मधल्या मजल्यावरून जिजूंच्या मीटिंगचा आवाज यायचा, खालून रेवाच्या डच शिक्षिकेचा, आणि घरभर एकच वाक्य फिरत असायचं: मी दिसतेय का?

दिसणं हे तेव्हा एक काम होऊन बसलं होतं. आमच्या मॅनेजरचा आग्रह असायचा की सगळ्यांनी कॅमेरे चालू ठेवावेत, माणसं दिसली की बरं वाटतं. आता मी आकडे वाचत असले की माझ्या कपाळाला आठ्या पडतात. त्या रागाच्या नसतात, लक्ष दिल्याच्या असतात. एका सहकाऱ्याने मला वेगळा मेसेज करून विचारलं, सगळं ठीक आहे ना, तू चिडलेली दिसतेस. डच माणसं मनातलं विचारून मोकळी होतात, त्याचं मला काही नाही. पण वर्षअखेरच्या बोलण्यात मॅनेजरने माझ्या कामाचं कौतुक केलं आणि शेवटी सांगितलं की मी जरा 'ॲप्रोचेबल' दिसायचा प्रयत्न करावा. माझ्याच शेजारच्या चौकोनात एक गृहस्थ वर्षभर तोंड न झाकता जांभया देत होते. त्यांना काही सांगितल्याचं ऐकिवात नाही. म्हणून दुकानांत मास्कची सक्ती झाली तेव्हा लोक कुरकुरत होते आणि मला मात्र सुटल्यासारखं वाटलं होतं. निदान अर्धा चेहरा तरी माझा मला परत मिळाला होता.

देवदूत शेजारून आले. शेजारी ओमा आन्स राहायच्या. ओमा म्हणजे आजी, आणि त्या रेवाने मानलेल्या आजी होत्या. जन्मभर चर्चच्या गायकवृंदात गायलेल्या. त्या वर्षी एकत्र गाणं बंद होतं, गाताना तोंडातून जे उडतं त्याची भीती होती. दर गुरुवारी तालमीच्या वेळेला त्या कोट घालून उगाच गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायच्या. एका दुपारी त्यांनी आमची बेल वाजवली, चित्र जुळवायच्या कोड्याचं खोकं उंबऱ्यावर ठेवलं आणि चार पावलं मागे जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, माझं जुळवून झालं, आता तुम्ही करा, मुलीला सुट्टीत काहीतरी होईल.

खोक्यावर पंधराव्या शतकातलं, इथून खाली फ्लँडर्समध्ये रंगवलेलं चित्र होतं. चर्चच्या वेदीमागच्या मोठ्या चित्राचा एक भाग. जरीचे जड झगे घातलेले, कुरळ्या केसांचे देवदूत एका कोरीव लाकडी स्टँडभोवती दाटीवाटीने उभे राहून गातायत. त्यांना पंख नाहीत. डोक्यामागे तेजाचं वर्तुळ नाही. आणि गोड तर एकही दिसत नाही. एकाच्या भुवया एकमेकींना टेकायला आल्यात. एकाची हनुवटी गळ्यात रुतलीय. एकाचा खालचा ओठ वाकडा झालाय, एकाचे दात दिसतात, एकाची जीभ. एक जण असा वर बघतोय की जणू पुढचा सूर छताला अडकलाय आणि तो काढायचाय.

रेवा मराठी सगळं समजते आणि उत्तरं डचमध्ये देते, इंग्रजीत देते, फार लाडात आली तर मराठीत. तिने खोकं डोळ्यांजवळ धरलं. "मावशी, त्या अशा बोस का आहेत?" बोस म्हणजे डचमध्ये चिडलेल्या. तिच्या लेखी लांब केस असलेले सगळे 'त्या'च.

मी काही बोलायच्या आत, तेवढा एक डच शब्द ऐकून, ओमा आन्स दाराबाहेरून हसल्या. गाताना माणूस असाच दिसतो, त्या म्हणाल्या. आमच्या वृंदातल्या प्रत्येकीचं हेच तोंड असतं. या चित्राबद्दल तर म्हणतात की नुसता चेहरा बघून कोण वरचा आवाज लावतंय आणि कोण खालचा, ते ओळखता येतं.

मी दार लावलं आणि तिथेच उभी राहिले. माझ्या डोक्यात आरसा आला होता.

हातभर उंचीचा, काळ्या लाकडी चौकटीचा आरसा. पुण्यात आमच्या गाण्याच्या बाईंकडे तो भिंतीला टेकवून ठेवलेला असायचा. ज्याला मुद्रादोष असेल त्याच्यासमोर बाई तो आणून ठेवायच्या. गाताना तोंड वेडंवाकडं होणं, मान हलणं, भुवया चढणं, याला आपल्याकडे दोष म्हणतात आणि तो घालवायचा औषधोपचार म्हणजे आरसा. त्यात बघून गायचं. बाई वाईट नव्हत्या. त्यांनाही त्यांच्या गुरूंनी असंच बसवलं होतं. त्या म्हणायच्या, समोरचे निम्मे लोक ऐकत नसतात, बघत असतात. मला वाटतं त्या वर्गात आरसा सगळ्यात जास्त माझ्यासमोर राहिला. मी वरचा सा लावला की कपाळावर दोन उभ्या रेघा यायच्या. त्या पुसल्या की सा पण पुसला जायचा. दोन्ही एकाच वेळी सांभाळताना माझ्या लक्षात येऊ लागलं की मी ऐकणं सोडून दिलंय. मी नुसती बघतेय. तेरा वर्षांची झाले आणि गाणं सोडलं. घरी सांगितलं, शाळेचा अभ्यास वाढलाय. कुणी फार चौकशी केली नाही. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलीचा अभ्यास वाढतोच.

शाळेतही दुसरं काही नव्हतं. कॉन्व्हेंटच्या जिन्यात एक मोठं चित्र होतं. मोडक्या पुलावरून दोन मुलं चालली आहेत आणि मागे गुलाबी गालांचा देवदूत पंख पसरून मंद हसतोय. नाताळच्या गाण्याच्या तालमीला आम्हाला त्याच्यासमोर उभं करायचे. सिस्टर माझ्याकडे बोट दाखवून म्हणायच्या की देवदूत कधी आठ्या घालत नाहीत. सकाळी इंग्रजीतून आणि संध्याकाळी मराठीतून मला एकच गोष्ट शिकवली जात होती. आता हे चित्र हातात घेऊन मला सिस्टरना विचारावंसं वाटत होतं, तुम्हाला हे कुणी सांगितलं? त्या चित्रकाराने देवदूत रंगवायच्या आधी माणसांना गाताना बघितलं होतं. तुम्ही कुणाला बघितलं होतं?

आणि रेवा त्याच बाईंकडे शिकत होती. ताईला गाता येत नाही, पण आपल्या मुलीला बाईंकडेच शिकवायचं हे तिने ठरवलेलं होतं. साथीमुळे बाईंनी झूमवर वर्ग सुरू केला तेव्हा तिला लॉटरी लागल्यासारखं झालं. शनिवारी दुपारी रेवा परकर-पोलकं घालून लॅपटॉपसमोर मांडी ठोकून बसायची. तिकडे बाई, त्यांच्यामागे पेटीवर त्यांचे यजमान, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणायचो. पेटी आणि आवाज यांच्यात इतकं अंतर पडायचं की नानांनी अखेर पेटी बंद केली आणि नुसते बसून मान डोलवू लागले.

आरशाची आता गरजच नव्हती. रेवाचा चेहरा तिच्या समोरच, कोपऱ्यातल्या चौकोनात होता. "बाळा, स्वतःकडे बघ," बाई म्हणायच्या. "कपाळ मोकळं सोड. हास बघू." मी माळ्यावरून ऐकायचे. भूप रागातली सोपी सरगम होती. रेवाचा आवाज सरळ वर चढायचा, आणि सा जवळ आला की बाईंचं 'हास बघू' यायचं आणि तो केसभर खाली घसरायचा. दर शनिवारी तोच सूर त्याच जागी घसरताना ऐकणं म्हणजे काय, हे मी कुणाला सांगू शकत नव्हते. मला माझंच गाणं खालून ऐकू येत होतं. आणि मी गप्प होते, कारण ते ताईचं घर होतं, बाई मोठ्या होत्या, आणि गाणं सोडून दिलेल्या माणसाने गाण्याबद्दल काय बोलावं.

रेवाही हळूहळू तशीच होत चालली होती. शाळा बंद असल्याच्या त्या आठवड्यांत ती जिन्यात, न्हाणीघरात, सायकल पुसताना मोठ्याने गायची. फेब्रुवारीच्या शेवटी ती फक्त शनिवारी गायची.

त्यामुळे कोड्याच्या टेबलावर जे झालं ते आम्ही ठरवून केलं नव्हतं. जरीचे तुकडे जुळवणं म्हणजे छळ होता, सगळे सारखेच सोनेरी आणि मातकट. रेवाने सरळ चेहरे निवडून काढले. एक चेहरा पूर्ण झाला की ती तो करून बघायची. हनुवटी गळ्यात घेतली आणि तोंड उघडलं, तर आवाज आपोआप खाली उतरला. ती दचकली. मग भुवया जवळ आणल्या, मान जराशी उचलली. आवाज वर गेला. "मावशी, ही वरचा सा गातेय," ती म्हणाली. मग पुढची, मग त्यापुढची. ताई चहा घेऊन आली तेव्हा आम्ही दोघी टेबलाच्या दोन बाजूंना तोंडं वेडीवाकडी करून बसलो होतो आणि रेवाचा सा खिडकीच्या काचेला लागत होता. ताई म्हणाली, वेड लागलंय का दोघींना. पण ती तिथून हलली नाही. कप हातात धरून ऐकत राहिली.

पुढे मी त्या काळातली आणखी चित्रं शोधून शोधून बघायला लागले. संग्रहालयं बंद होती, पण त्यांच्या साइटवर चित्र इतकं मोठं करता येतं की रंगाला गेलेल्या भेगा दिसतात. मेरीला देवाचा निरोप सांगायला आलेला देवदूत बघितला, त्याच्या पंखांवर मोराचे डोळे. तो पक्षी आमचा, हे त्या चित्रकाराला ठाऊक असेल की नाही कोण जाणे, पण पिसं त्याने निरखून बघितली होती. इटलीतल्या एका भिंतीवर येशूच्या मृतदेहावर घोंघावणारे लहान लहान देवदूत बघितले. पाकोळ्यांसारखे उलटेसुलटे उडणारे. कुणी गाल ओरबाडतोय, कुणी अंगावरचं वस्त्र फाडतोय, कुणी हात पसरून ओरडतोय. त्यांच्यात प्रसन्न कोणी नाही. काहीच करता येत नाही म्हणून संतापलेले ते देवदूत आहेत. हे सगळं आधी होतं. मग नंतरच्या काळात कुणीतरी त्यांचे गाल गुलाबी केले, त्यांना लहान मुलं केलं, हनुवटीला हात लावून बसवलं, आणि आज ते केकच्या खोक्यावर आणि छत्रीवर असतात. गाणाऱ्याचं कपाळ सरळ करायला इतकी वर्षं किती लोक राबले असतील, असा विचार माझ्या मनात यायचा आणि माळ्यावर एकटी असूनही माझे कान गरम व्हायचे.

मंडळाचा पाडवा त्या वर्षी ऑनलाइन होता. सांस्कृतिक विभाग बघणाऱ्या दिलीपकाकांनी व्हिडिओ आधीच मागवले होते. ताईने रेवाला खिडकीपाशी बसवून व्हिडिओ काढायला घेतले. हसऱ्या चेहऱ्याचा काढला, सूर पडला. पुन्हा काढला, पुन्हा पडला. रेवाच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं तेव्हा मी एवढंच म्हणाले की तिला एकदा कोड्यातल्यासारखं गाऊ दे. त्या वेळी रेवाने भुवया जुळवल्या, ओठ वाकडा केला आणि सरगम अशी म्हटली की शेवटच्या सा नंतर ताईने रेकॉर्डिंग थांबवायला विसरून नुसता फोन धरून ठेवला. मग ती म्हणाली, "हाच पाठवते. दिसू दे कसं दिसायचं ते." माझ्या बहिणीचं इतकं कौतुक मला फार कमी वेळा वाटलंय.

पाडव्याच्या आठवड्यात बर्फ पडला. मागच्या अंगणात ताईने बागेच्या दुकानातल्या बांबूवर गुढी उभारली होती आणि तांब्यावर पांढरी टोपी बसली होती. डॅफोडिल्स माना टाकून पडले होते. कार्यक्रमाला आम्ही सगळे सोफ्यावर दाटीने बसलो, मी कडेला, माझा स्वतःचा लॅपटॉप मांडीवर, कॅमेरा बंद, माझी नेहमीची जागा. घराघरांचे चौकोन. कुणाच्या मागे तोरण, कुणाच्या मागे न घडी केलेले कपडे. दिलीपकाका फेटा बांधून सूत्रसंचालन करत होते. म्हणाले, आता ऐकू या आपल्या चिमुकल्या देवदूताचा स्वर.

रेवाचा आवाज सुरू झाला. पडद्यावर गुढीचं एक चित्र आलं. मग रांगोळीचं. मग दोन गुबगुबीत, पंख असलेली बाळं, हनुवटीला हात लावून वर बघणारी. मग पुन्हा गुढी. सरगम चढत गेली, सा लागला, स्वच्छ लागला, आणि तिथे पडद्यावर परत ती बाळं होती.

रेवा सोफ्यावरून उतरून पडद्याच्या अगदी जवळ गेली. "मी कुठेय?" तिने मराठीत विचारलं. मग बाळांकडे बघून म्हणाली, "ह्या आपल्या नाहीत."

ताईने तिथल्या तिथे काकांना मेसेज केला. उत्तर लगेच आलं, कारण काका मनाने खरंच चांगले आहेत. रेवा बाळ जरा रडवेली दिसत होती, लोकांना वाटलं असतं आपण बळजबरी केली, म्हणून मी रात्रभर बसून सुंदर एडिट केलं. त्यांनी मेहनत घेतली होती. त्याचा मला जास्त राग आला. चेहरा त्यांना हवाच होता, दोन दोन हवे होते, फक्त तिचा नको होता.

मला आजही कळत नाही की माझा हात कसा उठला. मी कॅमेरा चालू केला, माइक चालू केला. पुढचं नृत्य सुरू व्हायचं होतं, काका आभार मानत होते, आणि मी मध्येच बोलले. "दिलीपकाका, ती रडत नव्हती. ती गात होती." सगळे चौकोन माझ्याकडे बघायला लागले असं मला वाटलं, खरं म्हणजे प्रत्येक जण आपापल्या पडद्याकडे बघत होता. कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. काका म्हणाले, हो हो, अगं, काही गैरसमज नको, रेवासाठी जोरदार टाळ्या होऊन जाऊ देत. टाळ्यांची पिवळी चित्रं वर उडाली. कोपऱ्यातल्या माझ्या चौकोनात मी दिसत होते, भुवयांमध्ये दोन उभ्या रेघा, ओठ एका बाजूला ओढलेला. कितीतरी वर्षांनी मी तो चेहरा पाहिला आणि या वेळी तो सरळ करायला गेले नाही.

पण त्याने काही झालं नाही. पुढचं नृत्य सुरू झालं. रेवा खोलीत निघून गेली होती. पुढच्या शनिवारी ती म्हणाली, मी गाणार नाही. परकर-पोलकं घालणार नाही. लॅपटॉपसमोर बसणार नाही. ताईने समजावलं, जिजूंनी आइस्क्रीमचं आमिष दाखवलं. जेवणाच्या टेबलावर सगळे चेहरे जुळलेले होते आणि जरीचा अर्धा भाग तसाच पडून होता. ती त्याच्या बाजूने जाताना तिकडे बघायची नाही.

मग पुण्यातून साथीच्या दुसऱ्या लाटेच्या बातम्या यायला लागल्या आणि रेवाचं गाणं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. त्या एप्रिल-मेमध्ये फोन हातात घ्यायची भीती वाटायची. आणि त्याच फोनवर देवदूत हा शब्द धो धो येत होता. डॉक्टर देवदूत, नर्स देवदूत, रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर देवदूत. पंख चिकटवलेली चित्रं, खाली हात जोडलेले. मला ती चित्रं सहन व्हायची नाहीत. देवदूत म्हटलं की त्या माणसाला झोप लागत नाही, भूक लागत नाही आणि राग येत नाही, असं धरून चालता येतं. मला त्या भिंतीवरचे, स्वतःचे गाल ओरबाडणारे देवदूत आठवायचे. तसं चित्र कुणी पाठवलं नाही.

नाना त्याच लाटेत गेले. वर्गाच्या ग्रुपवर दोन ओळींचा मेसेज आला, बाईंच्या भाचीने टाकलेला. ताई स्वयंपाकघरात भांड्यांकडे तोंड करून खूप वेळ उभी राहिली. मी ओमा आन्सना कुंपणावरून सांगितलं. त्यांनी विचारलं, त्यांनी पेटी वाजवली ती ऐकू आली होती का तुम्हाला? मी म्हणाले, नाही, इंटरनेटवर नीट येत नव्हती.

जूनमध्ये बाईंनी वर्ग पुन्हा सुरू केला. रेवाला त्यांनी स्वतः बोलावलं होतं, एवढं एकदा ये म्हणून. ती आली, घरच्याच कपड्यांत, आणि कॅमेरा बंद ठेवून बसली. या वेळी मी माळ्यावर गेले नाही, तिच्यामागे जिन्याच्या पायरीवर बसले. बाई वाळल्या होत्या. मागची खुर्ची रिकामी होती. कुणी काही विचारू नये म्हणून की काय, त्यांनी तानपुऱ्याचं ॲप लावलं आणि सरळ गायला सुरुवात केली, भूपच. गंधारापर्यंत सगळं नेहमीसारखं, तेच शांत, घोटलेलं कपाळ, ज्याच्यासारखं कपाळ करायला मी कितीतरी वर्षं आरशात बघितलं होतं. मग त्या पंचमावरून वर निघाल्या आणि चेहरा त्यांच्या हातातून सुटला. भुवया वर गेल्या, ओठ थरथरून एका बाजूला ओढले गेले, गळ्याच्या शिरा ताणल्या. आणि सा लागला. बाईंचा इतका खरा सा मी लहानपणी कधी ऐकला नव्हता. त्यांची नजर कोपऱ्यात गेली, स्वतःच्या चौकोनाकडे. त्यांनी काय पाहिलं ते मला कळलं. पुढच्या क्षणी पडदा काळा झाला, त्यावर फक्त त्यांचं नाव, आणि तानपुरा तसाच वाजत राहिला.

मला राग आला. बाईंचा नाही. त्या कोपऱ्यातल्या चौकोनाचा, काळ्या चौकटीच्या आरशाचा, बाईंना ज्यांनी त्याच्यासमोर बसवलं होतं त्यांचा. ज्या बाईचा माणूस गेलाय तिलाही गाताना आपलं तोंड बरं दिसतंय का हे बघावं लागतं.

रेवा जरा वेळ त्या काळ्या चौकोनाकडे बघत राहिली. मग तिने पुढे वाकून स्वतःचा कॅमेरा चालू केला.

"बाई," ती म्हणाली, "तुम्ही पण ऑन करा ना. फेस कसा पण चालतो."

तानपुरा वाजत होता. मग पडदा उजळला. बाईंनी डोळे पुसले नव्हते. त्या हास म्हणाल्या नाहीत, मान हलवून फक्त 'घे' अशी खूण केली. रेवाने हनुवटी आत घेतली आणि खालचा सा लावला. त्या दोघी बराच वेळ गात होत्या, एकीच्या मागोमाग दुसरी, कारण एकदम गायलं तर आवाज तुटायचा. मला पायरीवरून दोन्ही चेहरे दिसत होते.

बाई अजून शिकवतात. आरशाचं काय झालं ते मी विचारलेलं नाही. कोडं त्या उन्हाळ्यात पुरं झालं, मोडलं, खोक्यात भरलं आणि ओमा आन्सना परत केलं. त्यांचा गायकवृंद पुन्हा सुरू झाल्यावर त्या पहिल्या गुरुवारी तोच कोट घालून गेल्या. ऑफिसमध्ये मला अजूनही अधूनमधून विचारतात, सगळं ठीक आहे ना. मी हल्ली सांगते, हो, काम करतेय.

आणि हा राग काही निवळलेला नाही. पाडवा जवळ आला की तो येतो, गारांसारखा, उन्हातून.

यंदाचा तो मेसेज दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर मी फोन ताईपुढे धरला. ती पोळ्या लाटत होती. पिठाच्या हातानेच तिने मेसेज वाचला, शेवटची ओळ पुन्हा वाचली, हात पुसले आणि माझ्याच फोनवर दिलीपकाकांना उत्तर लिहिलं: रेवाचं नाव घ्या. भूप गाणार आहे, प्रत्यक्ष स्टेजवर. चेहरा सोबत घेऊन येईल. खाली तिने स्वतःचं नाव टाकलं. काकांचं उत्तर लगेच आलं. जोडलेले दोन हात, आणि डोक्यावर तेजाचं वर्तुळ असलेलं एक पिवळं, हसरं तोंड.

मी त्या तोंडाकडे बघत उभी होते तेवढ्यात माळ्यावरून रेवाचा आवाज आला. ती आता माझ्या जुन्या खोलीत रियाज करते, दार लावून. आवाज चढत गेला, पंचमापाशी थोडा थांबला आणि वरच्या सा वर जाऊन उभा राहिला. ताई लाटणं धरून थांबली. दोन जिने आणि एक बंद दार मध्ये होतं, तिचा चेहरा आम्हाला दिसत नव्हता. पण सा लागला होता, म्हणजे तो कसा दिसत असेल ते आम्हा दोघींना ठाऊक होतं.